मोटरसायकलचं इंजिन ऑइल घरी बदलायचं, मेस्त्रीकडे की शोरूमला?

गाडी वॉरंटीत असेल तर विचार नको. शोरूमला न्या, बिल जपून ठेवा. प्रश्न पडतो तो त्यानंतर.

बदलायचं कुठेही असो, ऑइल बघायचं मात्र आपणच. सपाट जागी गाडी डबल स्टँडला लावा, इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. स्प्लेंडरची ऑइल मोजायची दांडी पुसून परत घालताना आट्यात फिरवू नका, नुसती टेकवा. फिरवली तर ती खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. बुलेटला ऑइलची पातळी बघायला खाली काच आहे. गाडी साइड स्टँडवर कलती ठेवून बघाल तर फसाल. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही, आतली घाण धरून ठेवणं हे त्याचं कामच. दुधाळ दिसलं तर मात्र आत पाणी. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी पट्ट्यात घर ते शेत, शेत ते डेअरी एवढीच गाडी फिरते. इंजिन पुरतं तापत नाही, ओल आतच राहते. अशा गाडीचं ऑइल निपाणी-बेळगाव हायवेवर रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बदला, किलोमीटर कमी झाले असले तरी.

शंभर सीसीच्या गाडीला घरी बदलणं जमण्यासारखं आहे. साधारण लिटरभर ऑइल, बरोबर मापाचा रिंग पाना, नवा वायसर, जुनं घमेलं. इंजिन कोमट असताना बुडाचा बोल्ट काढून ऑइल सोडा. धोका एकच, तो बोल्ट परत आवळताना जोर. इंजिनचं बूड ॲल्युमिनियमचं. आटे गेले की वाचवलेली मजुरी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर आटे पाडून घेण्यात जाते. आणि ते काळं ऑइल गटारीत ओतू नका, मेस्त्रीच्या बॅरलमध्ये द्या.

पल्सरसारख्या गाडीत फिल्टर आणि त्याच्या रबरी रिंगा बदलायच्या असतात. तिथे मेस्त्रीच बरा. चेन सैल आहे, टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हजवळचा भाग) वाजतंय, हे तो न विचारता सांगतो. फक्त ड्रममधलं सुटं ऑइल नको म्हणा, सीलबंद कॅन आपला न्या. ऑइलचा ग्रेड, म्हणजे किती पातळ-घट्ट ते, स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, बुलेटला १५डब्ल्यू-५०. बाकीच्यांनी आपल्या गाडीचं पुस्तक उघडावं. कॅनवर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) हवंच. कारचं उरलेलं ऑइल ओताल तर क्लच घसरू शकतो आणि चोर्ला घाटाच्या चढाला इंजिन नुसतं ओरडेल.

वॉरंटी संपल्यावर निव्वळ ऑइलसाठी शोरूम मला महाग वाटतं. वॉशिंग, पॉलिश असलं काहीबाही बिलात चढतं, अर्धा दिवस जातो.

मेस्त्रीकडे गेलात तर काम होईपर्यंत तिथेच उभे राहा. आणि रिकाम्या कॅनला भोक पाडूनच तो टाका, नाहीतर त्यातच सुटं ऑइल भरून दुसऱ्याच्या गळ्यात मारतील.