डच की पश्तो: मराठी माणसाला कुठली जवळची?

दोन्ही मराठीसारख्याच इंडो-युरोपियन भाषाकुळातल्या, पण डच जर्मॅनिक आणि पश्तो (अफगाणिस्तान-पाकिस्तानातली) इराणी शाखेतली, जी मराठीच्या इंडो-आर्यन शाखेची बहीणच, त्यामुळे आपल्याला पश्तोच जवळची पडते असं माझं ठाम मत आहे. ट, ड, ण तिथे आहेतच, क्रियापद शेवटी येतं, आणि सगळ्यात भारी म्हणजे भूतकाळ, आपण कसं "मी आंबा खाल्ला" पण "मी पोळी खाल्ली" म्हणतो, क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, तर पश्तोतही अगदी तसंच होतं! डचमधे ही भानगडच नाही, क्रियापद साध्या वाक्यात दुसऱ्या जागी आणि गौण वाक्यात शेवटी. फक्त कुठल्या नामाआधी डे आणि कुठल्या नामाआधी हेट (दोन्ही इंग्रजी "the"सारखे शब्द) हे पाठ करावं लागतं. लिपी मात्र डचची सोपी, रोमनच आहे, पश्तो उजवीकडून डावीकडे आणि ऱ्हस्व स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, तिथे खरा घाम निघतो. तरी मी पश्तोच सुचवेन.