आमच्या गल्लीची आपत्ती (म्हणजे हरकत) लिहून देणारे वकील: पैसे वसूल

इंदूरला रामबागेजवळ राहतो आम्ही, शेजारचा प्लॉट रहिवासीचा कमर्शियल करायचा प्रस्ताव आला आणि आमची सगळी गल्ली हादरली, कारण रस्ता एवढासा, त्यात शोरूम आलं की गाड्या कुठे लावणार? कुणीतरी या वकिलांचं नाव सुचवलं म्हणून गेलो. वकील काकांनी आधी तासभर नुसतं ऐकून घेतलं, मग १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश (म्हणजे शहर-गाव नियोजन) कायद्याचं कलम २३-क काढून समजावलं की शहराचा विकास प्लॅन बदलायचा तर पेपरात सूचना द्यावीच लागते आणि तिथपासून आपत्ती द्यायला फक्त १५ दिवस असतात. आमचे ६ आधीच गेले होते! त्यांनी रस्त्याची रुंदी, पार्किंग, ड्रेनेज असं मुद्द्यावर लिहून दिलं, रडगाणं सगळं काढून टाकलं, तेच सुनावणीत कामी आलं, सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी रुंदीचा मुद्दा नीट लिहून घेतला. दुकानवाले पण बोलले, त्यांचंही पोट आहे, ते खरंच आहे हो.

फी जरा जास्त वाटली, फोनही पटकन उचलत नाहीत. निर्णय अजून यायचाय. तरी ४ स्टार, आणि जाताना रस्त्याचे फोटो नक्की न्या.