सड्यावरची कातळशिल्पे आणि ती दाखवणारा माणूस: रत्नागिरी-राजापूरच्या एका गाइडच्या कामाचे परीक्षण

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चिपळूणचे नऊ जण रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील चार ठिकाणची कातळशिल्पे, म्हणजे उघड्या कातळावर खोदलेली प्राचीन चित्रे, पाहून आलो. आमच्यात माझी बहात्तर वर्षांची आई होती आणि शेजाऱ्यांचा नऊ वर्षांचा मुलगाही होता. रत्नागिरीत ज्यांच्या घरगुती निवासात उतरलो होतो, त्या यजमानांनी एका स्थानिक गाइडची गाठ घालून दिली. त्यांनी सहल दोन अर्ध्या दिवसांत विभागली: पहिल्या दिवशी दुपारनंतर देवीहसोळ आणि कशेळी, दुसऱ्या दिवशी सकाळी उक्षी आणि जांभरूण. कातळशिल्पांविषयी लिहिलेले पुष्कळ वाचायला मिळते, परंतु ती दाखवणाऱ्याच्या कामाविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. काही उणिवा असूनही या गाइडबरोबर मी पुन्हा जाईन, आणि त्याचे मुख्य कारण त्यांच्या बोलण्यातील प्रामाणिकपणा हे आहे.

किल्ला गाइडशिवायही दिसतो. तट, बुरूज, दरवाजा समोर उभे असतात आणि त्यांचा इतिहास ठाऊक नसला तरी डोळ्यांना काहीतरी मिळतेच. कातळशिल्पाचे तसे नाही. कोकणच्या सड्यावर, म्हणजे जांभा या सच्छिद्र दगडाच्या उघड्या पठारावर, ही चित्रे आडवी खोदलेली आहेत. रेघा उथळ आहेत, वाऱ्यापावसाने त्यांच्या कडा बोथट झाल्या आहेत, आणि त्यांचा रंग भोवतालच्या कातळासारखाच काळपट आहे. अनोळखी माणूस एखाद्या आकृतीवर उभा राहून ‘चित्र कुठे आहे?’ असे विचारू शकतो. देवीहसोळला आमच्यातील दोघांनी नेमके हेच विचारले, तेही आकृतीच्या कडेला जेमतेम हातभर अंतरावर उभे राहून. म्हणून येथे गाइडचे पहिले काम दाखवण्याचे असते आणि सांगण्याची पाळी त्यानंतर येते. उत्तम वक्ता असलेला माणूससुद्धा या पहिल्या कामात कच्चा असेल, तर सड्यावर त्याचा काही उपयोग नाही.

सहल दोन अर्ध्या दिवसांत का विभागली, हे मला आधी कळले नव्हते. खरे तर एका दिवसात सगळे उरकावे असा आमचा आग्रह होता. गाइडने फोनवर शांतपणे नकार दिला आणि कारण सांगितले. ऊन डोक्यावर असताना उथळ रेघेत सावली पडत नाही, त्यामुळे रेघ दिसतच नाही. ऊन तिरपे असले की रेघेची एक कड उजळते, दुसरी काळी होते आणि चित्र कातळातून वर येते. शिवाय दुपारी जांभा इतका तापतो की त्यावर अनवाणी उभे राहता येत नाही, आणि चपला घालून चित्राजवळ जाऊ द्यायचे नाही हा त्यांचा नियम होता. ग्राहकाचा दिवस वाचवण्यापेक्षा त्याला वस्तू नीट दिसणे महत्त्वाचे मानणारा माणूस असेच वेळापत्रक आखतो. कशेळीला सूर्य कलल्यावर त्यांनी मोबाइलचा टॉर्च कातळाला जवळजवळ टेकवून आडवा धरला, आणि मघापर्यंत ज्या जागी आम्हांला काहीच दिसत नव्हते तेथे एका लहानशा प्राण्याचे पाय उमटले. आई तेवढ्यासाठी खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे. असे आकडे कानावरून जातात. गाइडने ते आकडे सांगण्याआधी दर मीटरला गाठ मारलेली दोरी पिशवीतून काढली, तिचे एक टोक त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती दिले आणि त्याला आकृतीच्या बाहेरून, एकाही रेघेवर पाय न देता, हत्तीच्या कडेने चालायला लावले. गाठी मोजत तो अठरापर्यंत पोहोचला तेव्हा आम्ही सगळेच त्याच्याबरोबर मोठ्याने मोजत होतो. त्यानंतर त्यांनी हत्तीच्या अंगात कोरलेल्या छोट्या आकृती दाखवल्या. त्यांत पशू आहेत, पक्षी आहेत, जलचरही आहेत. मोठ्या प्राण्याच्या देहात ही सारी सृष्टी का कोरली असावी, हा प्रश्न त्यांनी स्वतः विचारला नाही. आमच्यातून कोणी तो विचारीपर्यंत ते थांबले. हे थांबणे मला फार मोलाचे वाटले, कारण गाइडच्या हाती घड्याळ असते आणि शांतता भरून काढण्याचा मोह त्याला सतत होत असणार.

आता त्यांच्या बोलण्याविषयी. दोन वर्षांपूर्वी एका सागरी किल्ल्यावर आम्हांला भेटलेला गाइड अस्खलित बोलत होता. प्रत्येक विहिरीला त्याच्याकडे एक भुयार होते, प्रत्येक तोफेला एक शाप होता, आणि तासाभरात त्याने जे सांगितले त्यांतील खरे किती आणि रचलेले किती हे आम्हांला शेवटपर्यंत कळले नाही. घरी येऊन मी पुस्तके चाळली, तेव्हा त्यांतील बऱ्याच गोष्टींना आधार सापडला नाही. राग आला तो फसवणुकीचा नव्हता. आमच्याबरोबरच्या मुलांनी ते सारे इतिहास म्हणून मनात साठवले होते, याचा होता. कातळशिल्पांच्या बाबतीत तर हा धोका कितीतरी मोठा आहे. येथे शिलालेख नाही, बखर नाही, नाणे नाही. गाइड जे सांगेल त्याची पडताळणी करण्याचे कोणतेही साधन पर्यटकाच्या हाती नसते.

या गाइडने बोलण्याची एक शिस्त पाळली, आणि ती त्यांनी जाहीर न करताही अर्ध्या तासात आमच्या लक्षात आली. डोळ्यांना दिसते ते सांगताना ते ‘हे पाहा’ म्हणत. गावात जे बोलले जाते त्याच्या आधी ‘गावात असं म्हणतात’ हे शब्द येत. अभ्यासकांच्या मताला ते ‘अंदाज’ म्हणत, आणि एकाहून अधिक अंदाज असतील तर सगळे सांगत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पालथे घालून ही शिल्पे उजेडात आणण्यासाठी केलेल्या कामाचा त्यांनी नावानिशी उल्लेख केला, आणि गुराख्यांनी व गावकऱ्यांनी दाखवलेल्या जागांचे श्रेय गावकऱ्यांना दिले. स्वतः शोध लावल्याच्या थाटात ते एकदाही बोलले नाहीत.

सर्वांत कठीण प्रश्न वयाचा. आमच्यातील एका गृहस्थांना नेमका आकडा हवा होता, आणि ‘दहा हजार वर्षं तरी असतील ना?’ असे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. हो म्हणून टाकणे सोपे होते. ग्राहक खूश झाला असता. गाइडने सांगितले की कातळात खोदलेल्या रेघेत लाकूड, कोळसा किंवा हाड यांसारखे सेंद्रिय काही नसते, त्यामुळे कार्बन पद्धतीने तिचे वय थेट काढता येत नाही. चित्रांची शैली, आसपास मिळणारी दगडी हत्यारे आणि चित्रांतील प्राणी यांवरून अभ्यासक मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शेती सुरू होण्यापूर्वीच्या दगडी हत्यारांच्या काळापर्यंत, मागे जातात, आणि काही चित्रे बरीच नंतरचीही असू शकतात. कोकणात आज न आढळणाऱ्या गेंड्याची आकृती काही ठिकाणी ओळखली गेली आहे, हेही त्यांनी याच ओघात सांगितले. मग ते म्हणाले, ‘काका, आकडा मी सांगू शकतो, पण तो माझा असेल, कातळाचा नाही.’ हे वाक्य मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवून घेतले.

राखणदारी हेही गाइडचे काम आहे, आणि ते त्यांनी निभावले. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत, म्हणजे वारसा दर्जा मिळण्याआधीच्या यादीत, कोकणातील नऊ ठिकाणांचा समावेश झाला. आम्ही पाहिलेली चारही त्या यादीत आहेत. यादीत नाव आले म्हणून प्रत्येक सड्यावर पहारेकरी उभा राहत नाही. चिरेखाणी (बांधकामासाठी जांभ्याचे ठोकळे, म्हणजे चिरे, कापणाऱ्या खाणी), रस्ते आणि कलमांच्या लागवडीसाठी कातळ फोडणे हे सड्याला असलेले धोके पूर्वीचेच आहेत, आणि आता त्यांत पर्यटकाच्या पायांची भर पडली आहे. देवीहसोळला, जेथे चौकोनी चौकटीत गुंतागुंतीची नक्षी कोरलेली आहे, दुसऱ्या एका गटातील तरुण बूट घालून थेट रेघांवर उभा राहून छायाचित्र काढून घेत होता. तो आमच्या गाइडचा ग्राहक नव्हता. तरीही ते त्याच्याकडे गेले, आवाज न चढवता दोन मिनिटे बोलले, आणि तो तरुण बूट काढून बाजूला झाला. पुढे तोच आमच्या घोळक्यात उभा राहून ऐकू लागला. आमच्यातील एका ताईंनी छायाचित्र उठून दिसावे म्हणून रेघांत थोडी रांगोळी भरावी असे सुचवले, तेव्हा त्यांनाही स्पष्ट नकार मिळाला. त्यांना ते थोडे लागले. पण गाइडने नकाराबरोबर टॉर्च काढून दिला आणि छायाचित्र कोणत्या कोनातून घ्यावे हेही दाखवले.

कशेळीहून निघताना देवघळीच्या किनाऱ्यावर उतरण्याची टूम निघाली. खडकांच्या घळीतला तो किनारा वरून फार सुंदर दिसतो. सूर्य बुडाला होता आणि भरती चढत होती. भरतीची वेळ गाइडने सकाळीच पाहून ठेवली होती, त्यामुळे त्यांना विचार करावा लागला नाही. उतरायचे नाही, एवढेच ते म्हणाले, आणि वरच्याच एका सुरक्षित जागी आम्हांला दहा मिनिटे उभे केले. आलेल्या माणसांना सुखरूप परत नेणे ही जबाबदारी कोणत्याही माहितीच्या आधी येते. कोकण किनाऱ्यावर दरवर्षी पर्यटक बुडतात, आणि त्यांना वेळीच ‘नाही’ म्हणणारे पुष्कळदा कोणी सोबत नसते.

दुसऱ्या दिवशीची सकाळ तुलनेने साधी गेली. उक्षीला हत्तीच्या आकृतीभोवती गावाच्या पुढाकाराने चिऱ्यांची भिंत घातलेली आहे, त्यामुळे तेथे गाइडचे निम्मे काम गावानेच करून ठेवले आहे. जांभरूणला एकाच सड्यावर अनेक आकृती आहेत, आणि नेमके तेथेच त्यांचे सांगणे त्रोटक झाले. एका आकृतीवरून दुसरीकडे आम्ही घाईने जात राहिलो, आणि परतताना काय काय पाहिले याचा गोंधळ मनात उरला. कशेळीवर त्यांचा जितका अभ्यास आहे तितका जांभरूणवर नसावा, किंवा दुपारी त्यांना दुसरा गट गाठायचा असावा. कारण काहीही असले तरी पैसे चारही ठिकाणांचे सारखेच घेतलेले असतात.

याहून गंभीर उणीव आईच्या बाबतीत राहिली. गटात वयस्कर कोणी आहे का, कोणाला गुडघ्यांचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे का, हे त्यांनी आधी विचारले नाही. सडा दुरून सपाट दिसतो, पण जांभ्याचा पृष्ठभाग खडबडीत आणि भोकांचा असतो, आणि चित्राजवळ शेवटचे अंतर अनवाणी जायचे असते. देवीहसोळला आईचा पाय मुरगळता मुरगळता वाचला. गाइडने लगेच हात दिला, पुढे प्रत्येक ठिकाणी ‘आजी, इथे खळगा आहे’ असे म्हणत ते तिच्या बाजूने चालले, आणि कशेळीला गाडीतली खुर्चीही आणून ठेवली. हे सारे मनापासून होते, यात शंका नाही. परंतु काठी आणा, जाड मोजे आणा, एवढे फोनवर सांगितले असते तर ती वेळच आली नसती. त्यांच्याजवळ प्रथमोपचाराची पेटी नव्हती. स्वच्छतागृह वाटेत कोठे मिळेल हेही आम्हांलाच विचारावे लागले, आणि स्त्रियांच्या गटासाठी ही बाब किरकोळ नसते. मी या तिन्ही गोष्टी त्यांना निघताना सांगितल्या. त्यांनी सबबी न सांगता ऐकून घेतल्या आणि मोबाइलमध्ये टिपून ठेवल्या.

दोन अर्ध्या दिवसांचे मिळून त्यांनी 3500 रुपये घेतले. गाडीचा खर्च वेगळा होता आणि तो आधी स्पष्ट सांगितलेला होता. वाटेत कोकम आगळाच्या किंवा आंबापोळीच्या कोणत्याही दुकानात त्यांनी गाडी थांबवायला लावली नाही. आम्हीच विचारल्यावर गावातल्या एका घरी पिठलं-भाकरी आणि सोलकढीची सोय केली आणि त्याचे पैसे थेट त्या घरच्या वहिनींच्या हाती द्यायला सांगितले. सड्याची जमीन बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी मालकीची असते, त्यामुळे गावातल्या माणसांशी असे सरळ नाते राखणे हेही त्यांच्या कामातच मोडते.

पावसाळ्यात सड्यावर गवत वाढते आणि कातळ निसरडा होतो, म्हणून जून ते सप्टेंबर ते सहल घेत नाहीत. एका वेळी बारापेक्षा जास्त माणसे ते घेत नाहीत, आणि तेराव्या माणसासाठी अधिक पैसे देऊ केले तरी घेत नाहीत, असे यजमानांनी सांगितले. डिसेंबरच्या अखेरीस जायचे असेल तर महिनाभर आधी विचारणा करावी, आणि सोबत कोणी वयस्कर असेल तर ते आपणहून सांगावे.