लॅपटॉपवरची दहा डिग्री खरी मानू नका

ज्यांनी इंजिनात काम करून घेतलं आहे, कार्ब्युरेटर आणि ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर काढून स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा वेगळा संगणक, बसवला आहे किंवा बसवायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बिलावर ‘बेस टायमिंग सेटिंग’ अशी ओळ येते, तिचे वेगळे पैसे लागतात, आणि ते काम केलेलंच नसतं. बार्देशातल्या एका गॅरेजने मला असं फसवलं. त्यात माझ्या इंजिनाचा एक पिस्टन गेला. गॅरेजचं नाव इथे घेत नाही. प्रकरण ग्राहक आयोगाकडे आहे, आणि ही पद्धत एकाच गॅरेजपुरती नाही हे मला नंतर कळलं.

गाडी जुनी कार्ब्युरेटरवाली जिप्सी, १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्ह. २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा गोव्यात भरू लागली, तेव्हापासून डिचोली-सत्तरीकडच्या आम्हा पोरांना जिप्सीचं वेड जास्तच लागलं, आणि जिप्सीवर काम करणारेही वाढले. त्यांत जीव ओतून काम करणारे आहेत, तसेच नुसते लॅपटॉप उघडून बसणारेही आहेत. माझ्या इंजिनाला बोअरिंग करून नवे पिस्टन घातले, हेड फेसिंग केलं, कॅम बदलला. इथपर्यंत सगळं साखळीच्या आमच्या जुन्या फिटरमामांच्या हातचं, आणि ते चोख होतं. इंजेक्शन, क्रँक पुलीवरचं दात्यांचं चाक, कॉइल पॅक आणि ईसीयू हे काम त्या गॅरेजकडे दिलं.

बेस टायमिंग म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण फसवणूक नेमकी तिथे होते. ठिणगी नेमकी कधी पडते ते जुळवून घेणं, हेच ते काम. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर सैल करून फिरवायचा आणि टायमिंग लाईट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, मारून पुलीवरची खूण बघायची, एवढं पुरे होतं. स्टँडअलोनमध्ये फिरवायला काही उरत नाही. क्रँकवर ३६ दात्यांच्या जागा असलेलं चाक असतं, त्यातला एक दात मुद्दाम काढलेला असतो. ती रिकामी जागा सेन्सरसमोरून गेली की ईसीयू तिथून दात मोजत जातो. पण त्या जागेपासून पहिल्या सिलिंडरचा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचतो ती जागा, किती अंशांवर आहे हे त्याला आपण सांगावं लागतं. तोच ऑफसेट. चाक कसं बसवलंय, सेन्सर कुठे लावलाय यावर तो ठरतो, म्हणून प्रत्येक इंजिनाचा वेगळा. तो चुकला तर ईसीयूला चूक कळायचा मार्गच नाही. पडद्यावर १० डिग्री दिसतात, म्हणजे ईसीयूला वाटतं की ठिणगी टीडीसीच्या १० अंश आधी पडतेय. खरोखर कुठे पडतेय ते फक्त पुलीवर मारलेला लाईट सांगतो.

गाडी ताब्यात घेताना मी विचारलं होतं, टायमिंग लाईट मारून बघितलं का? त्या माणसाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “पात्रांव, पळयात, धाच डिग्री आसा. आनी कितें जाय?” (साहेब, बघा, दहाच डिग्री आहे. आणखी काय हवं?) सोबत डायनोचा, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद दिला. रेस दिली तर इंजिन झटकन उचलत होतं, आयडलिंग शांत होतं. आणि इथेच माणूस फसतो. टायमिंग थोडं पुढे गेलेलं असलं, म्हणजे ठिणगी लवकर पडत असली, की आयडलवर इंजिन उलट छानच चालतं. गाडी उभी असताना ही चूक कानाला कळत नाही.

पहिली खूण गरम इंजिनाने दिली. सेल्फ मारला की स्टार्टर मध्येच अडखळायचा, जणू कोणी आतून उलटा धक्का देतंय. गॅरेजने बॅटरी बदलायला सांगितली. मग केरीहून चोर्ला घाट चढताना, तिसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबलेलं असताना, बारीक खडखड ऐकू यायला लागली. मी लगेच फोन केला. उत्तर आलं, हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं त्यामुळे होतं, आणून द्या, रिट्यून करू, त्याचे वेगळे पैसे पडतील. हे साफ खोटं होतं. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर असतो, ते नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून होणाऱ्या त्या खडखडीला, आवरतं. इथेनॉलने मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, होऊ शकतं, पण मग तेही ट्यून करणाऱ्यानेच बघायचं असतं.

पुढे धूर यायला लागला आणि एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलं. मामांनी प्लग काढला, तर पांढऱ्या चिनी मातीवर चंदेरी बारीक ठिपके. पिस्टनचं अॅल्युमिनियम. हेड काढल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधला पट्टा तुटलेला दिसला. मी लॅपटॉप जोडून मॅप, म्हणजे ईसीयूतला टायमिंगचा तक्ता, दाखवायला लागलो तेव्हा मामा म्हणाले, “तो राहू दे बाजूला. आधी पुली पूस.”

पुलीवरच्या खुणेच्या खाचेत गॅस्केटचा जुना लाल मसाला आणि माती घट्ट बसलेली होती. ती खाच साफ केल्याशिवाय, तिच्यावर पांढरा रंग भरल्याशिवाय लाईटच्या उजेडात कोणालाही खूण दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे लाईट मारलाच नव्हता, हे तिथेच उघड झालं.

नवा पिस्टन घालून इंजिन बांधल्यावर मामांनी खुणेवरही विश्वास ठेवला नाही. जुन्या प्लगची मातीची कांडी काढून त्यात बोल्ट बसवला आणि तो पहिल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या जागी आवळून बसवला. इंजिन हाताने फिरवत पिस्टन बोल्टला टेकेपर्यंत आणलं आणि पुलीवर रेघ मारली. मग उलट बाजूने फिरवून तसंच केलं. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. ज्या पुलीत आतला आणि बाहेरचा भाग रबराने जोडलेला असतो तिथे तर हे करायलाच हवं, कारण रबर जुनं झालं की बाहेरची कडी सरकते आणि खूणही तिच्याबरोबर जाते.

मग ईसीयूमध्ये टायमिंग १० अंशांवर लॉक केलं आणि लाईट मारला. खूण २० वर होती. बरोबर एका दाताचा फरक, कारण ३६ च्या चाकावर एक दात म्हणजे १० अंश. घाटात मॅप २८ मागत असेल तिथे इंजिनाला ३८ मिळत होते, तेही वाढवलेल्या कॉम्प्रेशनवर. फाईलच्या टिपेत दुसऱ्याच मॉडेलच्या गाडीचं नाव होतं. कोणाची तरी फाईल उचलून माझ्या गाडीत टाकली होती, ऑफसेटसकट.

डायनोचा कागदही मी परत काढला. आलेख ७२०० आरपीएमपर्यंत गेलेला, आणि माझ्या ईसीयूत रेव्ह लिमिटर ६५०० वर, म्हणजे त्याच्या वर इंजिन जाऊच शकत नाही. कागदाच्या कोपऱ्यात हवेची नोंद होती: तापमान १९ अंश, आर्द्रता ३१ टक्के. तारीख जूनमधली. ऐन पावसात इतकी कोरडी हवा चोर्ल्याच्या अलीकडेही नसते आणि पलीकडेही नसते. तो कागद माझ्या गाडीचा नव्हताच.

म्हणून पैसे देण्याआधी उभं राहून हे करून घ्या. टायमिंग लॉक करायला सांगा, लाईट तुमच्या हातात घ्या आणि पुलीवरची खूण स्वतः बघा. मग रेस ४००० पर्यंत न्यायला सांगा. खूण जागची हलता कामा नये. आरपीएमबरोबर ती सरकत असेल तर बहुधा क्रँक सेन्सरच्या वायरी उलट जोडलेल्या आहेत किंवा ईसीयूतलं विलंबाचं सेटिंग चुकलेलं आहे. तसंच ठेवलं तर आयडलवर सगळं ठीक वाटेल आणि वर गडबड होईल. कॉइल पॅक वेस्टेड स्पार्कचा, म्हणजे एकाच वेळी दोन सिलिंडरांत ठिणगी टाकणारा, असेल तर डायल असलेला लाईट शून्यावर ठेवून वापरा, नाहीतर तो दुप्पट अंश दाखवू शकतो. हे सगळं पाव तासाचं काम आहे. जो करायला टाळाटाळ करतो, त्याला पैसे देऊ नका. ट्यूनची फाईल पेन ड्राइव्हवर मागून घ्या आणि बिलात प्रत्येक काम वेगळं लिहून मागा.

काम झालेलं असेल आणि शंका असेल, तर पुली पुसण्याआधी तिचा फोटो काढा. फुटलेला पिस्टन, प्लग, डायनोचा कागद, बिल, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, यातलं काही टाकू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील न देताही आपली बाजू स्वतः मांडता येते. माझ्या तक्रारीला मी पुलीचा फोटो, फाईलमधलं त्या दुसऱ्या गाडीचं नाव आणि मामांचं सही केलेलं निवेदन जोडलं आहे. ज्यांच्याकडे त्याच गॅरेजचा असाच डायनोचा कागद असेल त्यांनी कोपऱ्यातलं तापमान आणि आर्द्रता बघावी, आणि जुळत नसेल तर आपली तक्रार वेगळी दाखल करावी.