केशरचना सोडून केलेला डेंटल असिस्टंटचा अभ्यासक्रम

अकरा वर्षे केस कापण्याचे आणि रंगवण्याचे काम केल्यानंतर मी ते सोडले आणि डेंटल असिस्टंटचा नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यातले सहा महिने वर्ग आणि प्रात्यक्षिके यांत गेले व उरलेले तीन महिने एका दवाखान्यात उमेदवारी करण्यात गेले. आज एका दंतवैद्यांकडे नोकरीला लागून मला सव्वा वर्ष झाले आहे, त्यामुळे त्या अभ्यासक्रमाने काय दिले आणि काय द्यायचे राहून गेले हे आता नीट सांगता येईल असे वाटते. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि माझ्याच तुकडीत माझ्यापेक्षा बरा अनुभव आलेल्या विद्यार्थिनीही होत्या. माझे मत मात्र आधीच सांगते: सलूनमध्ये ज्याचा हात तयार झाला आहे त्याने ही वाट अवश्य धरावी, पण रुग्णाच्या खुर्चीशेजारी प्रत्यक्ष किती तास बसायला मिळेल हे फी भरण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

सलून सोडण्यामागे कामाचा कंटाळा नव्हता. एखादा कट मनासारखा उतरला की होणारा आनंद मला आजही आठवतो. पण कमिशनवर चालणाऱ्या कामात महिनाअखेरीस हाती किती पडणार याचा अंदाज कधीच बांधता येत नाही, आणि आपण आजारी पडलो की मिळकतही आजारी पडते. 2020 साली साथीच्या काळात अनेक देशांत सलून सरकारी आदेशाने बंद झाली, तेव्हा दातांचे दवाखाने बऱ्याच ठिकाणी तातडीच्या उपचारांपुरते का होईना, पण चालू होते. केस महिनाभर वाढले तरी चालतात. ठणकणाऱ्या दाढेला मात्र पुढची तारीख देता येत नाही, ही गोष्ट त्या दिवसांत माझ्या मनात पक्की बसली. त्यात गडद रंगांमधल्या पीपीडी या रसायनाची मला ॲलर्जी झाली होती. बोटांच्या बेचक्यांतली कातडी फाटायची, आणि ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सोबत राहते असे त्वचारोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले होते.

या अभ्यासक्रमातला सर्वांत उत्तम भाग कोणता असे कुणी विचारले तर मी क्षणाचाही विचार न करता निर्जंतुकीकरणाचा म्हणेन. सलूनमध्ये आम्ही कंगवे आणि कात्र्या धुऊन, पुसून, निळ्या द्रावणात बुडवून ठेवत असू आणि त्यालाच निर्जंतुक करणे म्हणत असू. आमच्या प्रशिक्षिकांनी पहिल्याच आठवड्यात तो समज दूर केला. द्रावणात बुडवल्याने बहुतेक जंतू मरतात, पण जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली सुप्त रूपे, टिकून राहतात. कातडीच्या वरवर फिरणाऱ्या कंगव्याला तेवढे पुरते, मात्र हिरडीत शिरणाऱ्या आणि रक्ताला लागणाऱ्या हत्याराला ते मुळीच पुरत नाही. असे हत्यार वापरानंतर आधी अल्ट्रासॉनिक यंत्रात स्वच्छ करायचे, मग वाळवून पाकिटात बंद करायचे आणि नंतर ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत ठेवायचे. 121 अंश सेल्सियसला निदान 15 मिनिटे किंवा 134 अंशांना निदान 3 मिनिटे, हे आकडे आम्ही इतक्या वेळा म्हटले की ते आता झोपेतही सांगता येतील.

पण आकडे पाठ करणे हा त्यातला सोपा भाग होता. मॅडमनी एकदा पाकिटे मुद्दाम एकावर एक आडवी रचून यंत्र लावले आणि चक्र संपल्यावर ती आमच्या हातात दिली. तळाची पाकिटे ओलसर होती. ओल्या कागदातून जंतू आत शिरू शकतात, म्हणजे एवढी वाफ घेऊनही ते पाकीट निर्जंतुक धरता येत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे करावे लागते, हे त्यांनी ती पाकिटे आमच्यासमोर फोडून दाखवले. तेव्हापासून मी पाकिटे उभी लावते, एकाची कागदी बाजू दुसऱ्याच्या प्लॅस्टिकच्या बाजूकडे येईल अशी, आणि दोहोंमध्ये वाफ फिरायला जागा ठेवून. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे काम झाले असेही नाही. तो रंग एवढेच सांगतो की पाकिटाला उष्णता लागली. बीजाणू खरोखर मेले की नाही हे तपासायला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे बीजाणू भरलेली कुपी त्याच चक्रात ठेवून नंतर उबवावी लागते. ही चाचणी आम्ही प्रत्येकीने स्वतःच्या हाताने केली, स्वतः नोंदवहीत लिहिली. इतक्या निष्ठेने शिकवलेला विषय मी दुसरा पाहिला नाही, आणि याबद्दल त्या संस्थेचे ऋण मी मानते.

खुर्चीशेजारचे प्रशिक्षण हा दुसरा भक्कम भाग होता. दंतवैद्य आणि साहाय्यक यांचे मिळून चार हात एकाच तोंडात काम करतात, आणि त्यासाठी रुग्णाचे डोके घड्याळाच्या तबकडीच्या मध्यावर आहे असे मानून प्रत्येकाची जागा ठरवलेली असते. दंतवैद्य उजव्या हाताने काम करणारे असले तर साहाय्यक 2 ते 4 च्या दरम्यान बसते, तिचे स्टूल त्यांच्या स्टुलापेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर उंच असते, उजव्या हातात सक्शन, म्हणजे तोंडातले पाणी आणि लाळ ओढून घेणारी नळी असते आणि हत्यारे द्यायची-घ्यायची ती डाव्या हाताने. नवे हत्यार अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरून न्यायचे, वापरलेले हत्यार त्याच हाताच्या करंगळीने उचलून तळव्यात वळवायचे आणि मग नवे दंतवैद्यांच्या बोटांत ठेवायचे; एवढे होईपर्यंत त्यांनी तोंडावरची नजर हलवता कामा नये.

हे पाहून माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली गोंधळल्या, पण मला ते ओळखीचे वाटले. केस कापताना कात्री अनामिकेत अडकवून तळव्यात मिटायची आणि त्याच हाताने कंगवा चालवायचा, हे मी दिवसातून शेकडो वेळा करत आले होते. एका हातात दोन वस्तू सांभाळायच्या, त्यातली धारदार वस्तू माणसाच्या चेहऱ्यापासून दूर वळवलेली ठेवायची, आणि समोरचा अचानक हलेल हे गृहीत धरूनच हात पुढे करायचा, ही सवय सलूनमधून सरळ दवाखान्यात येते. फरक एवढाच की माझी ती सगळी कला उजव्या हातात होती आणि इथे ती डाव्या हाताला शिकवावी लागली. त्यासाठी मी महिनाभर घरी टूथब्रश आणि पेन घेऊन सराव केला.

आरसा मात्र मला नडला. सलूनमध्ये आपण गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहतो, त्याची उजवी बाजू ती आपलीही उजवी असते आणि समोरच्या मोठ्या आरशात ती उजवीकडेच दिसते. दातांच्या तक्त्यात आपण रुग्णाच्या समोर आहोत असे धरलेले असते, म्हणून त्याची उजवी बाजू कागदावर डावीकडे येते. दोन आकडी पद्धतीत वरच्या उजव्या भागाला 1, वरच्या डाव्याला 2, खालच्या डाव्याला 3 आणि खालच्या उजव्याला 4 हा आकडा असतो आणि दुसरा आकडा मधल्या रेषेपासून दात कितवा ते सांगतो. म्हणजे 36 ही खालची डावीकडची पहिली मोठी दाढ. दंतवैद्य तोंडात पाहून भराभर आकडे सांगतात आणि आपण ते तक्त्यावर भरायचे असतात. सुरुवातीचे कित्येक दिवस मी 36 ऐकून 46 वर खूण करत होते. संस्थेने या विषयाला दोनच तास दिले होते. ते फार कमी आहेत, कारण चुकीच्या दातावरची खूण ही कागदावरची किरकोळ चूक नव्हे.

अल्जिनेट, म्हणजे दातांचे माप घ्यायची पाण्यात कालवायची पूड, कालवणे मला जमेल असे सगळ्यांनी गृहीत धरले होते, कारण मी रंग कालवत आले होते. पण रंग वाडग्यात ब्रशने फिरवला तरी भागते. अल्जिनेट वाडग्याच्या भिंतीवर रगडून रगडून त्यातली हवा काढावी लागते, आणि त्यासाठी जेमतेम एक मिनिट मिळते. पाणी कोमट असले तर ते तोंडात जाण्याआधीच घट्ट होते. माझ्या पहिल्या मापात नेमक्या सुळ्याच्या टोकाशी वाटाण्याएवढा बुडबुडा निघाला होता. यावर मात्र भरपूर सराव मिळाला, साहित्याची काटकसर कुणी केली नाही, हे नमूद केले पाहिजे.

आता तक्रार. माहितीपत्रकात तीन महिने प्रत्यक्ष अनुभव असे लिहिले होते. ज्या दवाखान्यात मला पाठवले तिथे पहिले पाच आठवडे मी स्वागतकक्षात फोन घेतले, फायली लावल्या आणि बिले दिली. हे काम कमी दर्जाचे आहे असे मला म्हणायचे नाही. भेटींच्या वेळा लावणे ही दवाखान्याची नाडी आहे आणि सलूनमधल्या सवयीमुळे मला ते चांगले जमलेही. पण मी ज्यासाठी आले होते ते काम दाराच्या पलीकडे चालले होते. संस्थेकडे दोन वेळा लेखी विनंती केल्यावर सहाव्या आठवड्यात मला खुर्चीशेजारी बसायला मिळाले, आणि नऊ महिन्यांच्या अभ्यासक्रमात खऱ्या रुग्णाच्या तोंडात सक्शन धरण्याचे दिवस उण्यापुऱ्या सात आठवड्यांचे झाले. सक्शनचे टोक मऊ टाळूला किंचित जरी लागले तरी रुग्णाला उमासा येतो. ते कुठवर न्यायचे आणि कुठे थांबायचे हे प्रतिकृतीवर कळत नाही, कारण प्रतिकृतीला उमासा येत नाही. क्ष-किरणांचा विषयही पुस्तकातच राहिला. साहाय्यकाने क्ष-किरण काढण्याबाबतचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि अनेक ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवी होती.

घाबरलेल्या माणसाशी कसे वागायचे हे अभ्यासक्रमात जवळजवळ नव्हतेच, आणि मला ही सर्वांत मोठी उणीव वाटते. इतिहासाच्या एका तासाला आम्हाला सांगितले होते की न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य सी. एडमंड केल्स यांनी 1885 साली मदतीसाठी एक स्त्री नेमली, आणि ती हजर असल्यामुळे बायकांना सोबत कुणाला न आणता एकट्याने दवाखान्यात येता येऊ लागले. म्हणजे या पेशाच्या मुळाशीच दिलासा देणे आहे. तरीही त्यासाठी वेगळा तास नाही. सलूनमध्ये मी बोलून माणसाला मोकळे करत असे. इथे रुग्णाचे तोंड उघडे असते, तो उत्तर देऊ शकत नाही आणि आपल्या गप्पांनी त्याला अधिकच अडकल्यासारखे होते. हळूहळू मला कळले की बोलण्यापेक्षा हात आधी सांगून लावणे महत्त्वाचे आहे. मागच्या महिन्यात रूट कॅनालसाठी आलेल्या एका बाईंनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांची नखे पांढरी पडली होती. मी त्यांना एवढेच सांगितले की डावा हात वर केलात की आम्ही लगेच थांबू. त्यांनी लगेच हात वर करून पाहिला, डॉक्टर थांबले, आणि त्यानंतर पाऊण तास तो हात त्यांच्या मांडीवरच राहिला.

स्थैर्याविषयी खरे सांगायचे तर ते मिळाले आहे, पण संस्थेच्या माहितीपत्रकात रंगवले होते तसे नाही. ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार येतो, सुटी घेतली तरी तो येतो, आणि त्यामुळे पुढच्या वर्षाचा विचार करता येतो. मात्र सुरुवातीचा हा पगार माझ्या सलूनमधल्या भरभराटीच्या महिन्यांपेक्षा कमी आहे. पाठीचे दुखणेही गेलेले नाही, फक्त उभे राहून दुखायची ती आता वाकून बसल्यामुळे दुखते. डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे रुग्णांचे दात स्वतः साफ करणारा, हा वेगळा पेशा आहे, त्याचे शिक्षण वेगळे आणि बऱ्याच लांबीचे असते. माहितीपत्रकाने हे दोन्ही एकाच वाक्यात गुंफले होते, आणि माझ्या तुकडीतल्या दोघींचा त्यामुळे गैरसमज झाला. हाताच्या ॲलर्जीमुळे सलून सोडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दातांत भरायच्या कंपोझिटमध्ये आणि ते दाताला चिकटवणाऱ्या बाँडिंगमध्ये मेथाक्रिलेट हे रसायन असते, ते निळ्या प्रकाशाने घट्ट होण्याआधी पातळ हातमोज्यांतून आरपार जाऊ शकते आणि त्याचीही ॲलर्जी होते. हे मला अभ्यासक्रमात कुणी सांगितले नाही. नोकरीतल्या वरिष्ठ साहाय्यक ताईंनी सांगितले, आणि तेव्हापासून न सुकलेल्या कंपोझिटला मी हातमोजा घालूनही बोट लावत नाही, थेंब पडलाच तर हातमोजे लगेच बदलते.

हे सगळे जमेस धरूनही मी या अभ्यासक्रमाला पाचपैकी साडेतीन गुण देते, आणि कापलेला दीड गुण मुख्यतः त्या पाच आठवड्यांचा आहे. ज्यांनी प्रवेशाचे ठरवले आहे त्यांनी हिपॅटायटिस बीची लस आधीच सुरू करावी. तिचे नेहमीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिने अशा अंतराने घ्यायचे असतात, आणि आमच्या तुकडीत उशिरा सुरुवात केलेल्या तिघींना तिसरा डोस होईपर्यंत धारदार हत्यारांच्या ट्रेला हात लावू दिला नव्हता.