जुन्या गाडीची दुरुस्ती परवडते का? १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी ही गाडी घेतली तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि मीटरवर ९२,००० किलोमीटर दिसत होते. आज १४ महिन्यांनंतर तो आकडा १,०९,००० च्या पुढे गेला आहे. गाडी पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची आणि आधीच्या दुरुस्त्यांची एकही पावती सोबत नसलेली, अशी होती. पहिल्या दिवसापासून मी एका वहीत प्रत्येक खर्च लिहीत आलो. तेल-फिल्टरसारखी नेहमीची देखभाल वगळून त्या वहीची बेरीज केली, तेव्हा दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीच्या ३८ टक्के भरला. हे ऐकल्यावर बहुतेक जण गाडी विकून टाकण्याचा सल्ला देतात, आणि चौथ्या महिन्यात मीही जवळजवळ त्याच निर्णयाला आलो होतो.

त्या महिन्यात कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी दर पंधरवड्याला बोटभर खाली जाऊ लागली. गाडीखाली मात्र कधी थेंबही दिसेना. गळती दिसत नाही आणि पाणी तर कमी होते, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील) गेले असावे आणि पाणी आतच तेलात किंवा धुरात जात असावे, या धास्तीने मी रोज सकाळी तेलाची पट्टी काढून पाहत असे. तेल स्वच्छ होते, तेलाच्या झाकणाच्या आत दुधाळ साय नव्हती आणि इंजिन तापल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नव्हता. शेवटी मेकॅनिकने टॉर्च लावून वॉटर पंपाच्या खालची बाजू दाखवली. तिथे गुलाबी रंगाचा, खरवडला तर भुकटी होऊन पडणारा ओघळ वाळलेला होता. कूलंट तापलेल्या इंजिनावर झिरपून तिथेच सुकत होते, म्हणून जमिनीपर्यंत काही पोहोचत नव्हते.

पंप स्वस्त होता, पण या इंजिनात तो टायमिंग बेल्टवर, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्यावर, फिरतो, त्यामुळे पंपासाठी सगळा पुढचा भाग उघडावा लागणार होता. बेल्ट कधी बदलला होता हे कोणालाच सांगता येत नव्हते. असे बेल्ट साधारणपणे ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा ठरावीक वर्षांनी, यांतले जे आधी येईल तेव्हा, बदलायला सांगितलेले असतात. आणि ज्या इंजिनात पिस्टन व व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे धावत्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून पंप, बेल्ट आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर एकदमच बदलले. त्याच खेपेला क्लचचाही निकाल लावला, कारण चढावर इंजिनाचा आवाज वाढत असे पण वेग वाढत नसे. नुसती क्लच प्लेट बदलून काही पैसे वाचले असते. पण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी तीच, तेव्हा प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सीलही बदलून घेतले. ३८ पैकी २१ टक्के या एकाच खेपेचे आहेत.

हे काम सांगण्यापूर्वी मी दोन रात्री आकडेमोड करत बसलो होतो. दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या अमुक टक्क्यांवर गेली की थांबावे, असा हिशेब सर्रास सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. दुरुस्त केल्याने गाडीला तेवढी जास्त किंमत येत नाही हे खरे, पण गळका पंप आणि घसरणारा क्लच घेऊन ती विकायला काढली, तर तीही मूळ किमतीला जात नाही. शिवाय तिच्या जागी त्याच दराची दुसरी जुनी गाडी आणली असती, तर तिच्या बेल्टचे आणि क्लचचे वयही मला ठाऊक नसते. त्यामुळे मी खर्चाला येणाऱ्या महिन्यांनी भागून पाहिले: हे भाग निदान चार वर्षे पुन्हा उघडावे लागू नयेत, असे धरले, तर महिन्याचा वाटा किमतीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पडत होता. नव्या गाडीचा हप्ता याच्या आसपासही येत नव्हता.

टायर आणि बॅटरी यांचे ९ टक्के मी दुरुस्तीत धरतो खरे, पण ते कोणत्याही गाडीला चुकत नाहीत. उरलेल्या ८ टक्क्यांपैकी पाच मात्र निव्वळ वाया गेले. खड्ड्यातून जाताना पुढून टकटक येत असे. एका गॅरेजने न तपासताच दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायला लावले आणि मीही घाईत होकार दिला. आवाज होता तसाच राहिला. दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी उचलून हाताने हलवून पाहिली, तेव्हा दोष स्टॅबिलायझरच्या, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या, एका छोट्या लिंकमध्ये निघाला. जुन्या शॉकमधून तेल गळत नव्हते आणि बॉनेट दाबून सोडल्यावर गाडी झुलतही नव्हती; एवढे मी स्वतः पाहायला हवे होते.

१४ महिन्यांत गाडी एकूण ११ दिवस गॅरेजमध्ये होती आणि रस्त्यात एकदाच बंद पडली, तीही बॅटरीमुळे. ज्याला एकही दिवस गाडीवाचून चालत नाही, त्याने हे ११ दिवसही खर्चात धरावेत. मी दर सहा महिन्यांनी ती लिफ्टवर घेऊन खालचा पत्रा आणि चॅसिसच्या आडव्या तुळया स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहतो. झिजलेला भाग बदलता येतो; तुळयांत गंज शिरला, किंवा इंजिन तापून हेड वाकले, तर मात्र मी पुढे एक पैसाही घालणार नाही.

पुढच्या महिन्यात ब्रेकचे तेल बदलायचे आहे, कारण ते हवेतला ओलावा शोषते आणि दोन वर्षांनी बदलावे लागते. मागचे कधी बदलले होते, याची नोंद अर्थातच नाही. डाव्या मागच्या दाराची काच अजूनही हाताने आधार देऊन वर घ्यावी लागते, आणि ती तशीच राहणार आहे.