टेबलावरचं सेसना १७२ : नऊ महिने वापरल्यानंतर

घेण्याआधी मला एकच प्रश्न पडला होता. मी सीपीएलचं (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचं) प्रशिक्षण घेते आहे आणि विमानाच्या एका तासाचा दर पाच आकडी आहे. घरी सिम्युलेटर लावला, तर त्या महागड्या तासात मी जास्त शिकेन का? आता नऊ महिने झाले. घरी साधारण २४० तास आणि खऱ्या विमानात ९५ तास भरलेत. उत्तर देण्याइतकं गाठीशी जमलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

सामान थोडक्यात. एक्स-प्लेन १२ हे उड्डाणाचं सॉफ्टवेअर, टेबलाला स्क्रूने आवळायचा योक (विमानाचं स्टिअरिंग), थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा), शेपटीचा रडर हलवणारी पेडलं आणि २७ इंची एकच मॉनिटर. कॉम्प्युटर घरात होताच, बाकी सगळं मिळून ५० हजारांच्या आसपास गेलं. एक्स-प्लेन निवडलं, कारण ते पंखाचे आणि पंख्याच्या पात्यांचे छोटे छोटे भाग धरून प्रत्येकावरचं बल मोजतं, आणि त्यातलं सेसना १७२ हे छोटं विमान गोल घड्याळांचंही मिळतं, जी१०००चंही, म्हणजे घड्याळांऐवजी पडदे असलेलं. मी शिकते ते विमान गोल घड्याळांचं आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते : सीपीएलला लागणाऱ्या २०० तासांत या घरच्या उड्डाणांचं एक मिनिटही धरलं जात नाही. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या सिम्युलेटरचे तासच, तेही मर्यादेत, मोजतात.

पहिला महिना वाईट गेला. तोवर माझं सोलो, म्हणजे एकटीने उड्डाण, झालं नव्हतं आणि मी घरी रोज संध्याकाळी सर्किटं, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, मारत होते. आठवड्याभरात माझ्या प्रशिक्षक सरांनी खऱ्या विमानात, डाउनविंडवर (फेरीतल्या धावपट्टीला समांतर टप्प्यावर) स्वतःची टोपी काढली आणि माझ्यासमोरच्या घड्याळांवर ठेवली. "घरी काहीतरी उडवतेस ना? तुझी नजर बाहेर जातच नाहीये." त्यांना कसं कळलं, ते मला नंतर उमगलं. एका मॉनिटरवर दोन्ही बाजूंचं क्षितिज दिसत नाही, म्हणून उंची, वेग, कल हे सगळं डोळे घड्याळांतून वाचायला लागतात. खऱ्या विमानात नाक क्षितिजाच्या किती खाली आहे हे बघून वेग ओळखायचा असतो, आणि फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, जमीन किती वर आली ते डोळ्याच्या कडेने कळतं. ती कडच माझ्या टेबलावर नाही. त्या दिवसापासून घरी उतरण्याचा सराव मी बंद केला, तो आजतागायत. लँडिंग विमानातच शिकावं, असं माझं ठाम मत झालंय.

ट्रिमचंही तसंच. खऱ्या विमानात आधी हाताने नाक हवं तिथं धरायचं आणि मग हातावरचा भार जाईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवायचं. घरच्या योकमध्ये स्प्रिंग असते, ती कायम मध्याकडे ओढते. ट्रिम फिरवलं तरी हाताला काही कळत नाही, नाक हलताना दिसतं तेवढंच. त्यामुळे ट्रिमनेच नाक वर-खाली करायची सवय लागते, आणि ती मोडायला मला तीन सॉर्टी (प्रशिक्षणाची उड्डाणं) लागल्या. रडरबद्दल वेगळं सांगायला नको. विमान घसरतंय हे आधी बैठकीला कळतं, आणि घरची खुर्ची जागची हलत नाही.

मग उरलं काय? माझ्या मते बरंच काही.

पहिलं म्हणजे क्रम. इंजिन सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंतची प्रत्येक चेकलिस्ट मी घरी मोठ्याने म्हणत केली. आरटी, म्हणजे रेडिओवरचं बोलणंसुद्धा. कॉल देताना जीभ अडखळायची ती थांबली, आणि विमानात डोक्याचा जो भाग 'आता पुढे काय' यात अडकायचा तो मोकळा झाला. सरांनीही पुढच्या महिन्यात हा फरक बोलून दाखवला.

दुसरं, बिघाड. नऊ महिन्यांतला सगळ्यात मोलाचा वापर हाच. एक्स-प्लेनमध्ये प्रशिक्षकाचा वेगळा पडदा दुसऱ्या लॅपटॉपवर उघडता येतो आणि तिथून चालू उड्डाणात काहीही बंद पाडता येतं. तो लॅपटॉप मी आईकडे दिला. ती स्वयंपाकघराच्या दारात वाटाणे सोलत बसते आणि मनात येईल तेव्हा बटण दाबते. मी फक्त एवढंच सांगितलंय, "मला आधी सांगू नकोस." सुरुवातीला ती घाबरतच दाबायची, "अगं, पडलं तर?" म्हणायची. आता तिला नेमकी अवघड वेळ ओळखता येते.

टेक-ऑफनंतर इंजिन बंद पडलं की मागे वळून धावपट्टीवर परतायचा मोह होतो. तसं करू नका, नाक खाली घ्या आणि समोरच, थोडं डावी-उजवीकडे बघून उतरा, हे पुस्तकात असतं. मला ते पाठही होतं. पण माझ्या नोंदवहीत ४०० फुटांवरून परत वळण्याचे २२ प्रयत्न आहेत आणि त्यातला एकही धावपट्टीपर्यंत पोचलेला नाही. ८०० फुटांवरून काही पोचले, तेही इंजिन बंद पडणार हे मला माहीत असताना. आईने न सांगता बंद केलं की पहिले तीन-चार सेकंद काय झालंय हे कळण्यातच जातात, आणि परत वळायला १८० अंश पुरत नाहीत, धावपट्टीच्या रेषेत यायला त्याहून जास्त वळावं लागतं. घाईत तिरपं वळलं की स्टॉलचा वेगही, म्हणजे ज्याखाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो, वाढतो; ४५ अंशांच्या कलावर जवळजवळ १९ टक्क्यांनी. हे २२ अपघात टेबलावर झाले. आज प्रत्येक टेक-ऑफआधी मी मोठ्याने म्हणते : अमुक उंचीच्या खाली समोरच, वेग ६८ नॉट. ते म्हणताना ते २२ प्रयत्न डोळ्यांसमोर असतात.

व्हॅक्यूम पंपाचा बिघाड याहून फसवा. विमानाचा कल दाखवणारं घड्याळ, म्हणजे कृत्रिम क्षितिज, त्या पंपावर चालतं. ढगात असताना पंप गेला की कृत्रिम क्षितिज एकदम मरत नाही, हळूहळू कलतं. पहिल्यांदा मी त्या खोट्या क्षितिजाच्या मागे गेले आणि गिरक्या घेत खाली आले. वळण दाखवणारं घड्याळ विजेवर चालतं, ते खरं सांगत होतं, मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मला वाटतं, सिम्युलेटर जन्माला आला तो याच कामासाठी. अमेरिकेत एडविन लिंक याने १९२९ मध्ये पहिला ट्रेनर बांधला. त्याच्या घरचा धंदा ऑर्गन बनवायचा, म्हणून त्या यंत्राला त्याने ऑर्गनचेच भाते लावले, आपल्या पेटीला असतात त्याच जातीचे. १९३४ मध्ये टपालाची उड्डाणं अमेरिकी सैन्याकडे गेली, खराब हवेत वैमानिक मेले, आणि मगच सैन्याने त्याचे सहा ट्रेनर विकत घेतले.

मात्र घरी एक मोठी उणीव राहते. खऱ्या ढगात कानातला तोल खोटं बोलतो आणि त्याच्यावर विश्वास न ठेवता घड्याळं वाचायची असतात. खोलीत कान खोटं बोलत नाही, त्यामुळे मी घरी जितकी शांत असते तितकी वर असेनच असं नाही. हे मी स्वतःला सारखं सांगते.

उन्हाळ्याचा एक प्रयोग शिकणाऱ्या प्रत्येकाने करावा. धावपट्टी समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर असेल तर तिथलं प्रमाण तापमान ११ अंश. मेमध्ये दुपारी ४० असतं. फरक २९, दर अंशाला १२० फूट, म्हणजे साधारण साडेतीन हजार फूट. गरम हवा विरळ, म्हणून विमानाला ती धावपट्टी साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखी वाटते. हे गणित परीक्षेत सगळेच सोडवतात. मी तापमान ४० ठेवून, पूर्ण वजनाने उड्डाण केलं आणि चढण्याचा काटा किती मरगळला ते पाहिलं. दुपारच्या सॉर्टीसाठी टाक्या किती भरायच्या, हे मी तेव्हापासून वेगळ्या गांभीर्याने विचारते.

या सगळ्याचा कस लागला तो पाचव्या महिन्यात, सोलो सर्किटमध्ये. सकाळचे साडेनऊ, ऊन तापायला लागलेलं. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरताना, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) ३० अंशांवर, वेग बरोबर. धावपट्टीवर येताच वाऱ्याचा झोत आला, विमान उचललं गेलं, तरंगत राहिलं आणि डावीकडे सरकायला लागलं. उतरणं सोडून पुन्हा वर जायला मी थ्रॉटल पूर्ण पुढे केला. घरी हे दीडशेदा तरी केलेलं, तोंडून आपोआप निघालं, "पॉवर, नाक, फ्लॅप वीस." पण ट्रिम उतरण्यासाठी लावलेलं होतं. पूर्ण पॉवर येताच नाक इतक्या जोराने वर निघालं की दोन्ही हातांनी योक पुढे दाबावा लागला, आणि उजवा पाय रडरवर पार आत. वेग ५२ वर आला होता. तो धक्का, तो जोर माझ्या टेबलाने मला कधीच दाखवला नव्हता. पण पुढचा क्रम जिभेवर असल्यामुळे सगळं लक्ष त्या जोराकडे देता आलं. नाक खाली, वेग ६०, फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर. दुसऱ्या फेरीत नीट उतरले. खाली आल्यावर सरांनी एवढंच विचारलं, "ठरवायला किती वेळ लागला?" मी म्हटलं, ठरवावं लागलंच नाही.

घेणार असाल, तर मॉनिटरवर खर्च करण्याआधी चांगली पेडलं घ्या. स्वस्त पेडलं जमिनीवर सरकतात आणि पाय घाबरट होतो. आणि सोलो झाल्यावरच घ्या, तेही आधी आपल्या प्रशिक्षकांना सांगून. पुढच्या महिन्यापासून माझं इन्स्ट्रुमेंटचं, म्हणजे फक्त घड्याळांवर उडायचं, प्रशिक्षण सुरू होतंय. होल्डिंगचे (हवेत ठरावीक जागी घिरट्या घालत थांबायचे) नमुने घरी गिरवायला घेतलेत, आणि आईने बिघाडांच्या यादीचं पुढचं पान उघडलंय.